दंड भरला नाही, बोंबलांच्या गावी गेलो

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. स्थळ आमच्या खराडीच्या सोसायटीचं ऑफिस, म्हणजे पार्किंगला लागून असलेली पत्र्याची खोली. हजर: चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार, कमिटीचे आणखी दोन सभासद, मी आणि माझी पत्नी सुनंदा. विषय एकच होता. आमच्या स्वयंपाकघरातून सुक्या मासळीचा वास जिन्यात येतो, सबब दंड रुपये दोन हजार.

मी सरकारी लेखापरीक्षणात आयुष्य काढलं आहे. रक्कम दिसली की कुठल्या नियमाखाली, हा प्रश्न माझ्या तोंडून आपोआप येतो. तसा तो आला.

सेक्रेटरी म्हणाले, "नियमाचं काय घेऊन बसलात, सर? हा संस्काराचा प्रश्न आहे."

"मग पावती कुठल्या शीर्षाखाली फाडणार?" मी विचारलं. "संस्कार निधी?"

कोणी हसलं नाही. खजिनदारांना हसू आलं होतं, ते त्यांनी खोकल्यात घातलं.

घरी आल्यावर सुनंदाने बोंबलांचा डबा फडताळातून काढला, दोन पिशव्यांत गुंडाळला आणि खाली कचऱ्यात टाकून आली. "दोन हजार भरून टाका आणि विषय मिटवा," ती म्हणाली. "मला जिन्यात मान खाली घालून चालायचं नाही."

दोन हजार भरले असते तर आम्ही भिकेला लागलो नसतो. पण या घराचे हप्ते मी अठरा वर्षं फेडले. त्या घरात माझ्या बायकोने काय शिजवायचं हे पाच माणसं ठरवणार असतील, तर मी नेमकं विकत काय घेतलं होतं? मी म्हटलं, "भरणार नाही." ती म्हणाली, "भरू नका. पण मीही करणार नाही." म्हणजे निकाल कमिटीच्या बाजूने लागलाच होता. पैसे न घेता त्यांना हवं ते मिळालं होतं.

आम्ही दोघं मूळचे भंडाऱ्याचे. तलावांचा जिल्हा, त्यामुळे गोड्या पाण्यातली मासळी घरोघरी. पण आठवडी बाजारात बोंबील आणि सुकट पोत्यांतून यायची ती समुद्राची. समुद्र मी पंचविशीत पाहिला. बोंबील त्याच्या कितीतरी आधी खाल्ला होता. हा जिथून येतो ती जागा एकदा बघायची, असं अनेक वर्षं मनात होतं आणि अनेक वर्षं राहून गेलं होतं. त्या रविवारी दुपारी मी रजेचा अर्ज लिहिला.

बेत

सहल आखताना लोक देवळं, किल्ले, सूर्यास्त लिहितात. मी जेवणं लिहिली. बुधवारी ताम्हिणीतून उतरून रात्री दिवेआगर, तिथे पापलेट. गुरुवारी दुपारी खाडीच्या अलीकडे एका खानावळीत सुरमईचं ताट, मग दिघीहून जंगलजेटीवर म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर गाडी चढवायची आणि पलीकडे मुरुड. शुक्रवारी बोंबील वाळत घालतात तो किनारा. शनिवारी परत. खानावळीची माहिती मी तिघांकडून घेतली आणि तिघांचं जुळलं तीच ठेवली.

ऑफिसात माझ्या शेजारी शनिवार पेठेतले एक गृहस्थ बसतात. त्यांनी कागद वाचला आणि परत दिला. "कोकणात जाताय, तर मोदक खा, नारळीपोफळी बघा, या. यात बघण्यासारखं काहीच नाही."

"खाण्यासारखं आहे," मी म्हटलं.

"ते कळलं," ते म्हणाले. "वासावरून."

चांगला माणूस आहे. पण पुण्यात विनोदसुद्धा कुठल्या बाजूने येतो ते पाहावं लागतं.

सुनंदाने कागद वाचून एवढंच विचारलं, "आणि मी तिथे काय करायचं?"

"खायचं."

तिने बॅगेत आपल्या काळ्या मसाल्याची बरणी टाकली. कशाला, म्हणून विचारलं तर "असू दे," म्हणाली.

दिवेआगर

ताम्हिणी घाट पावसात बघावा असं म्हणतात. डिसेंबरात बघणाऱ्यांची बाजू कोणी घेत नाही, म्हणून मी घेतो. डोंगर वाळलेल्या गवताने पिवळे झालेले असतात, दरीतलं धरणाचं पाणी स्थिर असतं, आणि रस्त्यावर सेल्फी काढणारं कोणी नसतं. माणगाव सोडल्यावर हवा जड होते. म्हसळ्याच्या पुढे पहिल्यांदा तो वास आला. खारा, ओला, थोडा कुजका. मी काच खाली केली. सुनंदाने ती वर करायला सांगितलं नाही.

दिवेआगरला सुरूच्या झाडांमागे समुद्र आहे आणि अलीकडे पोफळीच्या वाड्या. आम्ही उतरलो त्या घराच्या ओसरीवर जेवणाची सोय होती. पापलेट ताजं होतं, तांदळाच्या भाकरीला पदर सुटलेले होते आणि सोलकढी आमच्याकडे पुण्यात मिळते तशी गुलाबी सरबत नव्हती, तिला लसणाचा दम होता.

जेवायला बसता बसता सुनंदा उठली आणि तिने शेजारची खिडकी लावून घेतली.

वाढणारी बाई म्हणाली, "अहो, उकडतंय की. कशाला लावली?"

सुनंदाने खिडकी उघडली, पण त्या जेवणात तिचं लक्ष राहिलं नाही. घरी सप्टेंबरात सोसायटीची पहिली नोटीस लागल्यापासून ती फोडणीआधी खिडक्या लावायची. तिच्या हातांना ती सवय लागली होती हे मला त्या दिवशी कळलं. पापलेटाची चव मला नंतर आठवेना.

गुरुवार

आता माझ्या नियोजनाबद्दल. तीन ठिकाणी चौकशी करून निवडलेल्या त्या खानावळीत आम्ही वेळेवर पोचलो. बाहेर पाटी होती, घरगुती मच्छी थाळी. आत चार बाकं, स्वच्छ फरशी, आणि गिऱ्हाईक एकही नाही. मालकीण शैलाताई, पन्नाशीच्या, अंगाने आडव्या, आवाज खणखणीत. त्यांनी ताटं आणली. वरण, भात, वालाचं बिरडं, वांग्याचे काप.

"आमची मच्छी थाळी," मी म्हटलं.

"आज मच्छी नाही."

"संपली?"

"संपेल कशी? आणलीच नाही. गुरुवार आहे."

"मग?"

"मार्गशीर्षातला!" त्यांनी मला वरून खाली पाहिलं. "कुठून आलात?"

"पुण्याहून."

"का हो, पुण्याला मार्गशीर्ष लागत नाही?"

पुण्याला लागतो. आमच्या घराला लागत नाही. आम्ही बौद्ध, आमच्याकडे भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे आणि श्रावण, चातुर्मास, मार्गशीर्ष यांपैकी कोणी आमच्या स्वयंपाकघरात कधी ढवळाढवळ केलेली नाही. त्यामुळे भरती-ओहोटी, फेरीच्या वेळा, रजा, टायरमधली हवा, सगळं मी पाहिलं होतं. वार पाहिला नव्हता. शेजारपाजारच्या दारांत गुरुवारी रांगोळ्या दिसायच्या, पण त्यांचा आणि सुरमईचा संबंध माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. आतल्या खोलीत घट मांडलेला दिसत होता, त्यावर नारळ, गळ्यात वेणी. शैलाताईंचा उपास होता आणि तरी त्या आम्हाला वाढत होत्या.

"चालेल," मी म्हटलं. "बिरडंही चांगलं दिसतंय."

"चांगलंच आहे. पण तुम्ही मच्छीला एवढ्या लांब आलात ना?" त्या म्हणाल्या. "माझा गुरुवार माझ्यापाशी. तुम्ही कशाला वाल खाता? बंदरावर जा, खालच्या अंगाला, आता होडी लागली असेल. बांगडे आणा. मागच्या पडवीत चूल आहे, मच्छीची भांडी तिथेच टांगलीत. ताई करतील. मी शिवणार नाही, बाकी काय पाहिजे ते देते."

सुनंदा घाबरलीच. "नको नको. तुमचा घट मांडलाय. वास येईल."

"येणारच. मासे आहेत, मोगरा नव्हे."

"लक्ष्मीला चालेल?"

"बाई, आमची लक्ष्मी बंदरावरूनच येते."

मी बांगडे घेऊन आलो. तोवर शैलाताईंनी चूल पेटवून दिली होती आणि स्वतः उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. सुनंदा चुलीपुढे उकिडवी बसली होती, हातात उलथनं, आणि काही करत नव्हती. मग तिने पदर खोचला आणि मला म्हणाली, "बॅगेतली बरणी आणा."

तिने आमच्या पद्धतीने केलं. कांदा निखाऱ्यात भाजला, सुकं खोबरं भाजलं, खसखस घेतली, पाट्यावर वाटलं. उंबऱ्याआडून धावतं समालोचन चालू होतं.

"अहो, सुकं खोबरं कशाला? ओले नारळ आहेत की ढीगभर!"

"आमच्याकडे सुकंच घालतात."

"बरं. कोकमं देऊ?"

"चिंच आहे का?"

शैलाताईंनी कपाळाला हात लावला. "कोकणात बसून बांगड्यात चिंच!"

"तुम्ही या भंडाऱ्याला," सुनंदा म्हणाली, "आणि घाला तिथल्या मासळीत कोकम. मी काही बोलणार नाही." आणि हसली. सप्टेंबरनंतर स्वयंपाक करताना ती हसलेली मी ऐकली नव्हती.

काळ्या मसाल्याचा आणि बांगड्याचा वास निघाला तो सरळ पोफळीवरून पलीकडच्या आवारात गेला. तिकडून एका बाईची हाक आली, "शैले, गुरुवारचं काय गं शिजतंय?"

सुनंदाचा हात थांबला.

"पाव्हण्यांचं!" शैलाताई ओरडल्या.

"मग ठीक!"

इतकंच. वहिवाट अशी की आपल्या घरी गुरुवार आहे, म्हणून दुसऱ्याच्या चुलीकडे बघायचं नाही. यासाठी तिथे कधी मीटिंग झाली असेल असं मला वाटत नाही.

जेवायला शैलाताईंचे यजमानही बसले. "यांचा गुरुवार नसतो?" मी विचारलं.

"यांचा फक्त मंगळवार," त्या म्हणाल्या, "तोही गणपतीत असला तर."

यजमानांनी रस्सा ओरपला, थांबले, विचार केला. "हा मटणाचा रस्सा आहे. बांगडा त्यात चुकून पडलाय." मग वाटी पुढे केली. "आणखी वाढा."

दिघीला गाडी बोटीवर चढवली. पाण्यावर ऊन पडलं होतं, पलीकडे डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिकट होत गेल्या होत्या. दूर पाण्यात जंजिऱ्याची काळी भिंत दिसत होती. लोक मोबाइल काढून त्या बाजूला गेले. सुनंदा कठड्याला धरून उभी होती.

"त्या बाईने स्वतःचा उपास मोडला नाही," ती म्हणाली, "आणि मला धरायला लावला नाही."

मी मान डोलावली.

"दंड भरू नका हो."

"मी कुठे भरतोय?"

"नाही. आता मीच सांगतेय, म्हणून म्हटलं."

बोंबलांचा किनारा

मुरुडच्या बाजूला, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे दोनच घरं खोल्या भाड्याने देतात आणि तेवढीच असलेली बरी, आम्ही शुक्रवारी सकाळी पोचलो. किनाऱ्यावर वाळू दिसत नाही. माणसाच्या उंचीपेक्षा उंच बांबू रोवलेले, त्यांच्यामध्ये दोऱ्या ताणलेल्या, आणि दोऱ्यांवर बोंबील. दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून असे टाकलेले असतात की एक दोरीच्या या बाजूला लोंबतो, एक त्या बाजूला. खिळा नाही, गाठ नाही. वारा आला की सगळा किनारा हलतो आणि कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो. आदल्या दिवशीचे पांढरट, लिबलिबीत. चार दिवसांपूर्वीचे सोनेरी, कडक. मध्ये सगळ्या छटा.

वासाबद्दल लिहायला हवं, कारण भांडण त्याचंच होतं. वास होता आणि जोरात होता. पहिल्या पंधरा मिनिटांत मला तो सोसेना, खोटं कशाला सांगू. नंतर तो जाणवेनासा झाला आणि भंडाऱ्याचा आठवडी बाजार दिसायला लागला. आईचा हात पोत्यात जातो आहे, एक बोंबील काढून ती तो वाकवून बघते आहे.

इथे सुनंदा तेच करत होती. विकायला बसलेल्या हिराबाईंनी तिला हटकलं. "वाकवून काय बघतेस गो? मोडला तर घ्यावा लागंल."

"मोडला तरच घेणार," सुनंदा म्हणाली. "वाकला तर ओला आहे."

हिराबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "पुण्याची नाय तू."

"भंडाऱ्याची."

"ते कुठं आलं?"

"नागपूरच्या पुढे."

"नागपूरला जातो आमचा माल. व्यापारी गाडी भरून नेतो." त्यांनी मागच्या दोऱ्यांकडे बोट केलं. "पुढं कुठं जातो ते आम्हास्नी काय ठावं."

पुढे कुठे जातो ते त्यांच्यासमोर उभं होतं, पण हे असं बोलून दाखवायला मला संकोच वाटला. मी भाव केला. बोंबील, सुकट आणि अर्धा किलो सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. सोड्यांचा भाव ऐकून मी दोनदा विचारला.

"दोन्ही वेळा तोच हाय," हिराबाई म्हणाल्या. "पुण्याची माणसं आधी नाक धरतात, मग भाव करतात. नाक सोड, मग बोल."

एक रुपया कमी झाला नाही. सुनंदाने हिराबाईंचा फोन नंबर घेतला.

परतीला ताम्हिणीत चहाला थांबलो. बाहेर आलो तर गाडीभोवती पाच कुत्री बसली होती, शिस्तीत, एखाद्या कमिटीसारखी. चहावाला म्हणाला, "डिकीत काय आहे साहेब?" मी म्हटलं, "बोंबील." तो म्हणाला, "मग निघा लवकर, आणखी येतील."

खराडी

रविवारी सुनंदाने बोंबील भाजले आणि वांगी घालून रस्सा केला. भाकरी थापत असताना बेल वाजली. सेक्रेटरी होते.

"वहिनी, सर आहेत का?"

"आहेत. पण स्वयंपाक मी करते. मला विचारा."

ते जरा गडबडले. "नाही, म्हणजे... वास लिफ्टपर्यंत येतोय."

"आज बोंबील आहेत," सुनंदा म्हणाली. "बुधवारी सुकट. शनिवारी सोडे करायचा विचार आहे. आधीच सांगते, म्हणजे तुम्हाला बाहेर जेवायला जायचं तर ठरवता येईल."

"वहिनी, शेजारधर्म म्हणून काही असतो."

"असतो ना. गुरुवारी तुमच्याकडच्या धुपाचा वास आमच्या हॉलमध्ये येतो. मी कधी अर्ज दिला?"

"धूप आणि बोंबील एकच का?"

"नाही. धूप खाता येत नाही."

मी आतून विचारलं, "कलम सापडलं का, साहेब?"

"पुढच्या बिलात दंड लागेल," ते जिन्यातून म्हणाले.

लागला. डिसेंबरच्या बिलात दोन हजार, जानेवारीच्या बिलात दोन हजार आणि वर व्याज. मी दर महिन्याला देखभालीची पूर्ण रक्कम वेळेत भरतो, दंड आणि व्याज वजा करतो आणि चेकसोबत एका ओळीचं पत्र जोडतो की नियम दाखवावा. दर महिन्याला ते लावतात, दर महिन्याला मी वजा करतो. दंड मागे घेतलेला नाही आणि घेतील असं मला वाटत नाही. जिन्यात दोन घरं आमच्याशी बोलत नाहीत. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी बंगाली मुलगी मात्र एकदा वाटी घेऊन आली. ती तोवर एक्झॉस्ट फॅन लावून, रात्रीची मासे करायची. आता सकाळी करते.

गेल्या आठवड्यात चेअरमन पार्किंगमध्ये भेटले. गाडी पुसत होते, समजुतीच्या सुरात बोलले. "सर, ताणू नका. पाचशे भरा, बाकी आम्ही माफ करतो. तुमचाही मान राहील, आमचाही."

मी उत्तर द्यायच्या आत भाजीची पिशवी घेऊन आलेली सुनंदा म्हणाली, "पाच रुपयेसुद्धा नाही. माफ त्यांनी करायचं असतं ज्यांचं काही चुकलेलं नसतं. तुमचं ठरवा आधी."

आणि मान वर ठेवून जिना चढून गेली. लिफ्ट चालू होती.

आजअखेर हिशेब असा. सोसायटीला देखभालीपोटी दिले, पूर्ण. दंडापोटी दिले, शून्य. दुसऱ्या खेपेच्या बोंबलांसाठी हिराबाईंना दिले, एक हजार सहाशे पन्नास, एसटी पार्सलचा खर्च धरून, सुनंदाच्या खात्यातून.